अंगावर पाजतेय, पाळी आलेली नाही, तरी दिवस राहू शकतात का?

रानजाई

नमस्कार. हा विषय इथे अधूनमधून वेगवेगळ्या धाग्यांत निघतो, पण एका जागी नीट बोलणं झालेलं दिसलं नाही. म्हणून नवा धागा काढतेय.

माझी लेक पाच महिन्यांची होत आलीय. पूर्ण अंगावर पिते. बाटली नाही, वरचं दूध नाही, पाणीसुद्धा नाही. बाळंतपणानंतरचं अंगावरून जाणं महिनाभरात थांबलं आणि त्यानंतर पाळी आलेली नाही. माहेरी आजी म्हणते, "मूल अंगावर पितंय तोवर कसली काळजी? आमच्या वेळी असंच असायचं." सासूबाईंचं म्हणणं अगदी उलट. त्यांच्या जावेला पाळी न येताच दिवस राहिले होते आणि चौथा महिना लागेपर्यंत घरात कोणाला पत्ता नव्हता. दोघीही स्वतः पाहिलेलंच सांगतात, त्यामुळे कोणाला खोटं म्हणवत नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना लसींचं कार्ड, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, टाक्यांची काळजी, सगळं व्यवस्थित समजावलं. या विषयावर मात्र एक शब्द नाही. सव्वा महिन्यानं दाखवायला गेले तेव्हाही टाके बघितले, वजन घेतलं आणि सोडलं. मी विचारायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण कडेवर रडणारं बाळ आणि बाहेर रांग असताना बाईला हे सुचत नाही. ते समोरच्यानंच सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सव्वीस आठवड्यांची रजा संपतेय, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू. तेव्हा दिवसभर पंपानं काढलेलं दूध द्यावं लागेल. त्यानं काही फरक पडतो का? आणि पाळी आली की दूध कमी होतं म्हणतात, ते कितपत खरं? अनुभव आणि माहिती दोन्ही हवंय.

चांदणचुरा

मोठ्या मुलाच्या वेळी त्याचा पहिला वाढदिवस झाला तरी पाळी नव्हती. धाकटीच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच हजर. दोघंही सारखीच अंगावर पिणारी, घर तेच, खाणंपिणं तेच. तेव्हा बहिणीचं, जावेचं सोडाच, स्वतःच्याच आधीच्या बाळंतपणावरूनही अंदाज बांधू नये, एवढं मी सांगू शकते.

पीएनसी_वॉर्ड

मी स्टाफ नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. रानजाई, तुमची आजी आणि सासूबाई दोघीही बरोबर आहेत. आजी सांगतात ते पहिल्या काही महिन्यांचं, सासूबाई सांगतात ते बहुधा नंतरचं. मधली रेघ कुठे आहे ते सांगते.

बाळ ओढून पितं तेव्हा स्तनाग्राकडून मेंदूकडे निरोप जातो. त्यानं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, दूध तयार होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. मेंदू ठरावीक वेळानं बीजकोषाला जे इशारे देत असतो, त्यांची लय बिघडते. इशारे नीट पोहोचले नाहीत की बीज पिकत नाही, गर्भाशयाचं अस्तर तयार होत नाही, पाळी येत नाही. म्हणजे हे काम 'दूध असण्यानं' होत नाही, बाळाच्या ओढण्यानं होतं. दिवसरात्र जितक्या वेळा ओढेल तितकं. हे लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

१९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ गावी या विषयातले जगभरचे अभ्यासक जमले आणि तोवरचं संशोधन समोर ठेवून त्यांनी एक नियम काढला. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसेल, बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावर पीत असेल आणि बाळाला सहा महिने झाले नसतील, तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांहून जास्त. ही तिन्ही एकाच वेळी हवीत. तीन दगडांच्या चुलीसारखं आहे, एक दगड काढला की भांडं कलंडलं. आमच्या प्रशिक्षणात याला 'लॅम' म्हणतात आणि सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातही ही मान्य पद्धत आहे.

आता बारकावे, कारण घोळ तिथेच होतो.

पहिल्या ५६ दिवसांत, म्हणजे आठ आठवड्यांत, पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बाईला जे रक्त जातं ते पाळी धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, किंवा तुम्हाला स्वतःला ती पाळी वाटली, की पहिला दगड निघाला.

दोन पाजण्यांमधलं अंतर दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त जाऊ नये. बाळ रात्रभर झोपायला लागलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं, पण या हिशोबात तो बदल मोठा आहे.

आणि बाळाला सहा महिने पूर्ण झाले की तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. उष्टावणाची तयारी करताना हेही ठरवायचं असतं. पाळी आलेली नसली तरी.

अबोली_अमेय

गुटीचं काय? आमच्याकडे आई रोज सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, बेहडा असं एकेक वेढा उगाळून देते. त्यानं 'पूर्ण अंगावर' हे मोडतं का?

पीएनसी_वॉर्ड

चाटण एवढीशी असेल आणि त्यामुळे पाजणं एकदाही चुकत नसेल, तर दिवस राहण्याच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. 'जवळजवळ पूर्ण' या शब्दांत अशी चाटणं, जीवनसत्त्वाचे थेंब हे बसतं. बाटलीभर वरचं दूध दिलं आणि त्या वेळचं पाजणं गळलं, तर मात्र मोडतं.

पण अबोली, बाळाच्या दृष्टीनं विचाराल तर सहा महिने गुटी नकोच. सहाण, पाणी, हात या सगळ्यांतून जंतू जातात, आणि वेखंडासारख्या गोष्टीचं प्रमाण कोणी मोजून देत नाही. आईला दुखवायचं नसेल तर "डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलंय" एवढं सांगा. माझ्या वॉर्डातल्या मुलींना मी हेच शिकवते.

दोन_पिल्लांची_आई

मी त्या सासूबाईंच्या जावेच्या जागी होते, म्हणून लिहितेय.

थोरला दहा महिन्यांचा. भात-वरण, नाचणीची पेज खायचा, पण झोपताना, उठल्यावर आणि रात्री दोन-तीनदा अंगावर असायचाच. पाळी आली नव्हती. मला सतत मळमळ, पित्त झाल्यासारखं. जागरणं, अपुरी झोप, वेळीअवेळी जेवण यावर सगळं ढकललं जात होतं. मेडिकलवाल्या काकांकडून पित्ताच्या गोळ्या आणल्या. मग एक दिवस थोरला पोटावर पाय देऊन उभा राहिला आणि मला खाली काहीतरी टणक लागलं. मैत्रिणीनं किट आणून दिलं. दोन रेषा. शेवटची पाळी कधीची असं सोनोग्राफीच्या खोलीत विचारलं तेव्हा मला सांगायची होती ती तारीख जवळजवळ पावणेदोन वर्षांपूर्वीची होती. पडद्यावर पूर्ण बाळ दिसलं, चौदा आठवड्यांचं.

धाकटी आता शाळेत जाते, आमच्या घराचा जीव आहे. पण त्या नऊ महिन्यांत माझं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की शिरेतून लोह द्यावं लागलं, आणि थोरल्याला उचलून घ्यायचीही ताकद नसायची. ज्या दवाखान्यात मी सिझरनंतर टाके दाखवायला दोनदा गेले तिथे मला कोणी एका वाक्यात हे सांगितलं असतं तर ते सगळं टळलं असतं. त्याचा राग मला आजही आहे.

आणखी एक. दिवस राहिल्याचं कळल्यावर घरात पहिलं वाक्य काय आलं? "त्याचं दूध तोड, ते आता पोटातल्याचं आहे, त्याला बाधेल." एका रात्रीत त्याला तोडलं. दोघंही रडलो. हे खरंच गरजेचं होतं का, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

रानजाई

दोन_पिल्लांची_आई, इतकं मोकळेपणानं लिहिलंत, खूप आभार. पण पाळी आलीच नाही आणि दिवस राहिले, हे होतं कसं?

पिंपळपान

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, याचं उत्तर देते.

पाळी हा शेवट असतो. आधी बीज सुटतं, ते फळलं नाही तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच येऊन जाऊ शकतं. ते फळलं तर पाळी येणारच नाही. बाईला वाटतं अजून सुरू झाली नाही, आणि खरं तर दिवस राहिल्यामुळेच ती आलेली नसते.

पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बायकांत बहुतेकदा उलटं होतं. पहिल्या एक-दोन पाळ्या बीज न सुटताच येतात, किंवा बीज सुटलं तरी पुढचे दिवस इतके अपुरे असतात की गर्भ रुजत नाही. शरीर एक प्रकारे आधी सूचना देतं. जसजसे महिने जातात तसतशी ही सूचना मिळण्याची शक्यता कमी होत जाते. सहा महिन्यांची मर्यादा आहे ती यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेनं सात देशांत, चार हजारांहून जास्त मायलेकरांचा अभ्यास केला होता, त्यात आपली नवी दिल्लीही होती. पाळी न आलेल्या पाजणाऱ्या आयांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत दिवस राहण्याचं प्रमाण साधारण एक टक्का निघालं. बारा महिन्यांपर्यंत ते सात टक्क्यांच्या आसपास गेलं. सात टक्के म्हणजे शंभरात सात घरं. सासूबाईंच्या जावेसारखी.

जी बाई अजिबात पाजत नाही तिच्यात तर बीज सव्वा महिन्याच्या आतही सुटू शकतं. ज्यांना कुठल्या कारणानं पाजता आलं नाही, त्यांनी "सव्वा महिना होऊ दे, मग बघू" म्हणून थांबू नये.

दोन_पिल्लांची_आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, गरजेचं नव्हतं. पुन्हा दिवस राहिल्यावर दूध विषारी होत नाही आणि पोटातल्या बाळाचं कोणी चोरत नाही. आधी गर्भपात झालेले, वेळेआधी प्रसूती झालेली, रक्तस्राव होतोय, अशा वेळी आम्ही थांबायला सांगतो. बाकी निरोगी बाईला पाजत राहता येतं, फक्त तिच्या खाण्याकडे आणि रक्ताकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. दूध चौथ्या-पाचव्या महिन्यात आपसूक कमी होतं, चवही बदलते, आणि बरीच मुलं स्वतःच सोडतात.

लोकलची_खिडकी

रानजाई, ऑफिसच्या प्रश्नावर माझा अनुभव. ठाणे ते चर्चगेट जाऊन-येऊन दिवसाचे अकरा तास घराबाहेर. ऑफिसात फायली ठेवायच्या खोलीला आतून कडी होती, तिथे बसून पंप करायचे. दूध पुरेसं निघायचं, बाळाला एक थेंबही वरचं द्यावं लागलं नाही. तरी रुजू झाल्यावर पाळी महिन्याभरातच आली. तोवर चिन्हही नव्हतं. सगळं 'पूर्ण आईचंच दूध' असूनही असं का, हे वरचं पीएनसी_वॉर्ड यांचं वाचून आत्ता कळलं.

पिंपळपान

बरोबर. पंप दूध काढतो, पण बाळाच्या ओढण्यातून जो निरोप मेंदूकडे जातो तो पंपानं तितका जात नाही. चिलीत, सांतियागो शहरात, कामावर जाणाऱ्या आणि दूध काढून ठेवणाऱ्या आयांचा अभ्यास झालाय. तिन्ही अटी पाळूनही सहा महिन्यांत ५.२ टक्के बायकांना दिवस राहिले. घरी थेट पाजणाऱ्यांच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणाशी तुलना करून बघा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नोकरदार मुलीला मी सांगते: रुजू व्हायची तारीख हीच तुमची शेवटची तारीख. त्याआधी दुसरा उपाय सुरू हवा. रानजाई, तुमचे सहा महिने आणि रजा जवळजवळ बरोबरच संपतायत, तेव्हा आत्ताच ठरवा.

साठीपार

माझ्या आईला आम्ही पाच जण, प्रत्येकात अडीच-तीन वर्षांचं अंतर. तेव्हा गोळी नव्हती, काही नव्हतं. आई शेतावर जायची तेव्हा बांधावरच्या झाडाला झोळी बांधलेली असायची आणि मूल रडलं की खुरपं ठेवून पाजायला यायची. रात्री तर कुशीतच. दोन वर्षं तरी प्रत्येकानं अंगावर प्यायलंय. माझ्या वेळी आम्ही शहरात आलो, डबाबंद दूध आलं, घड्याळ लावून पाजायची पद्धत आली. माझ्या दोन मुलांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर आहे. डॉक्टरांचं वाचल्यावर दोन्ही गोष्टी एका धाग्यात बसल्या.

पिंपळपान

साठीपार, तुमच्या आईसारखंच एक उदाहरण शास्त्रातही प्रसिद्ध आहे. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांत आया मुलाला सतत अंगाशी बाळगतात आणि तासात अनेकदा, दरवेळी मिनिट-दोन मिनिटं पाजतात. त्यांच्यात दोन मुलांतलं अंतर चार वर्षांच्या आसपास असे. १९८० साली या निरीक्षणावर संशोधन प्रसिद्ध झालं आणि 'किती वेळ' यापेक्षा 'किती वेळा' हे महत्त्वाचं, हा मुद्दा पुढे आला.

फक्त एक काळजी घ्यावीशी वाटते. त्या पिढीत अंतर पडलं ते सगळ्याच घरांत नाही, आणि जिथे पडलं नाही तिथल्या बायकांचं काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. आजीची पद्धत चांगली होती, पण आज आपल्याकडे तिच्या जोडीला आणखी उपाय आहेत.

बाबा_झालोय

एका नवऱ्यानं लिहिलेलं चालेल ना? हा धागा बायकोनं पाठवला. आम्हाला तीन वर्षं तरी दुसरं नको. तिला गोळ्यांची धास्ती वाटते, दुधातून बाळाला जातील म्हणून. नेमकं काय चालतं?

पीएनसी_वॉर्ड

चालेल कसलं, प्रत्येक धाग्यावर दोन नवरे आले तर आमचं निम्मं काम होईल.

निरोध तर आहेच, पहिल्या दिवसापासून. एक गोष्ट इथे सांगते कारण ती कोणी बोलत नाही: पाजण्याच्या काळात संप्रेरक कमी असल्यानं योनीमार्ग कोरडा राहतो, संबंध दुखतो. हा दोष बायकोचा नाही, इच्छेचाही नाही. पाण्यात विरघळणारी वंगण जेली मेडिकलमध्ये मिळते. तेल वापरू नका, त्यानं निरोध फाटतो.

तांबी बाळंतपण झाल्याझाल्या किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर मग सहा आठवड्यांनंतर. पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशा दोन्ही मिळतात. दुधाशी तिचा काही संबंध नाही. तीन वर्षांनी दुसरं हवं झालं की काढायची, पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

'छाया' गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध, बाजारात 'सहेली' नावानं १९९१ पासून आहे. त्यात संप्रेरक नाही, पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. वार ठरवून घ्यायचे. हिनं पाळी पुढे जाऊ शकते, ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर बायका घाबरून गोळी सोडतात.

'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पाजणाऱ्यांना बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येतं. पण बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तुमच्या तीन वर्षांच्या बेतात हे धरून चाला.

टाळायची ती माला-एन, माला-डी सारखी नेहमीची गोळी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. तिच्यातल्या इस्ट्रोजेननं दूध कमी होतं. बायकोची धास्ती अगदीच निराधार नाही, ती या गोळीबद्दल आहे.

आणि गोळी, इंजेक्शन काहीही स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणू नका. कावीळ, रक्तदाब, गाठी अशा काही आजारांत यातलं काही चालत नाही. आशाताई घरी येते तेव्हा तिला विचारायला लाजू नका. बाळाचं वजन करायला ती येतेच, हेही तिच्याच कामात आहे.

कडुलिंब

माझा प्रश्न सगळ्यांच्या उलटा आहे. मला दुसरं हवंय. वय सदतीस, मुलगा दोन वर्षांचा होतोय, अजून रात्री तीन-चारदा पितो. पाळी मागच्या दिवाळीनंतर आली, पण कधी पस्तीस दिवसांनी, कधी पन्नास. इथे पुण्यात ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिल्या भेटीत "आधी दूध तोडा, मग बोलू" असं सांगितलं. सासर-माहेरचेही तेच. मला तोडवत नाही. मी स्वार्थी आहे का असं वाटायला लागलंय.

पिंपळपान

कडुलिंब, स्वार्थाचा यात प्रश्नच नाही.

पाजत असताना दिवस राहतात, हे वर वाचलंतच. तेव्हा "तोडल्याशिवाय होणारच नाही" हे खरं नाही. पण तुमची पाळी लांबतेय आणि वय सदतीस आहे, या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. बऱ्याचदा सगळं तोडावं लागत नाही, रात्रीचं तोडलं तरी पुरतं. रात्री सलग सहा-सात तास मिळाले की मेंदूची लय परत बसू लागते. वडिलांना रात्रीची जबाबदारी द्या, आधी एक वेळ, मग दुसरी. सकाळी आणि दुपारी पाजा. दोन-तीन पाळ्या बघा, अठ्ठावीस-तिसावर येतात का. आल्या तर उत्तम.

त्याच वेळी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची तपासणी करून घ्या. लांबणारी पाळी दर वेळी पाजण्यामुळेच असते असं नाही. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलेल्या कितीतरी मुली "पाजतेय म्हणून असेल" या एका वाक्यावर वर्ष घालवतात. उपचार घ्यायची, टेस्ट ट्यूबची वेळ आली तर दूध थांबवावं लागेल, पण ती पहिली पायरी नव्हे. आणि पहिलं सिझर असेल तर व्रण बघून अंतराचं बोलून घ्या. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर किमान २४ महिने थांबून पुढचे दिवस राहावेत असं सुचवते, तो टप्पा तुम्ही गाठतच आहात.

अबोली_अमेय

पाळी आल्यावर दुधाबद्दल रानजाईनं विचारलेलं राहून गेलं. आमच्याकडे पाळीत बाळाला पाजू नये, दूध 'गरम' होतं, बाळाला जुलाब होतात असं मानतात.

पीएनसी_वॉर्ड

दूध नासत नाही, गरम होत नाही. पाळीच्या आधीचे काही दिवस दूध थोडं कमी उतरतं, चव किंचित खारट होते, म्हणून बाळ कुरकुर करतं, वारंवार ओढतं. दोन-चार दिवसांत पूर्ववत. खरा तोटा होतो तो त्या चार दिवसांत बाळाला बाईपासून दूर ठेवल्यानं. आमच्या भागातल्या काही घरांत हे अजून चालतं. चार दिवस पाजलं नाही की दूध खरंच आटतं, आणि मग "पाळी आली की दूध जातं" हे खरं ठरल्यासारखं दिसतं. पाजत राहा, दुप्पट वेळा पाजा.

माळावरची

नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मला बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, चार पिशव्या चढवल्या. दूध आलंच नाही, दोन्ही बाजू कोरड्या. शतावरी, मेथीचे लाडू, खसखशीची खीर, सगळं झालं. बाळाला डब्याचं दूध चालू आहे. आता वर्ष होईल, पाळीही नाही. खूप थकवा, थंडी सहन होत नाही, काखेतले केसही गेलेत. घरचे म्हणतात काही बायकांना वर्ष-दीड वर्ष पाळी येत नाही, त्यात काय. पण त्या सगळ्या अंगावर पाजणाऱ्या होत्या ना?

पिंपळपान

माळावरची, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. पाजत नसताना पाळी न येणं हे पाजण्याच्या खात्यात टाकता येत नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. दूध तीच आणते, पाळी तीच आणते, थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल यांनाही तीच चालवते. दूध न येणं, पाळी न येणं, थंडी, थकवा, केस गळणं, हे चित्र तुम्ही जसं लिहिलंत तसंच आम्ही पुस्तकात वाचलेलं आहे. त्याला शीहान म्हणतात.

इथे निदान करता येत नाही, पण थांबू नका. याच आठवड्यात संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात जा आणि "बाळंतपणात चार पिशव्या रक्त चढवलं, तेव्हापासून दूध नाही, पाळी नाही" हे पहिलं वाक्य म्हणा. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. उलट्या, चक्कर, ताप असं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. औषधानं माणूस पुन्हा कामाला लागतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, जवळचं कुठे जायचं ते बघू.

माळावरची

निरोप केलाय. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. सोमवारी जातोय.

रानजाई

सगळ्यांचं वाचून मी तांबीचं ठरवतेय, ऑफिस सुरू व्हायच्या आधी. एकच शंका. पाळी आलेली नसताना बसवता येते का? शेजारच्या ताई म्हणाल्या, पाळीच्या पाचव्या दिवशीच बसवतात, तोवर थांब.

पीएनसी_वॉर्ड

थांबू नका, थांबण्यातच दिवस राहतात. पाळीत बसवायची पद्धत आहे ती दिवस नाहीत याची खात्री असते म्हणून. तुमच्या तिन्ही अटी आज पूर्ण आहेत, म्हणजे ती खात्री तुमच्याकडे आहेच. शंका नको म्हणून लघवीची तपासणी करून घेतील. अंगावर पाजल्यानं त्या किटचा निकाल चुकत नाही. पाजणाऱ्या बाईचं गर्भाशय मऊ असतं, तेव्हा हात बसलेल्या डॉक्टर किंवा सिस्टरकडूनच बसवा. बाळाला आधी पोटभर पाजून, सोबत कोणीतरी घेऊन जा. नंतर पोटात कळ येते, एक-दोन दिवस राहते. बुधवार-शुक्रवार सकाळी आमच्याकडे गर्दी कमी असते, तुमच्या दवाखान्यातही असा वार विचारून ठेवा.